बुडालेला माणूस कुठे लागतो

विद्यापीठाची माणसं आमच्या वाडीत पहिल्यांदा आली तेव्हा त्यांनी आम्हांला विचारलं होतं, तुम्हांला काय हवंय? हे आधीच सांगून ठेवतो. पुढे मी जे लिहिणार आहे ते वाचून कोणाला वाटेल की ती न विचारता आली आणि आपलं काहीतरी आमच्या गळ्यात बांधून गेली. तसं नव्हतं. देवळाच्या सभामंडपात सतरंजी घालून, चहा-बिस्किटं स्वतःच्या गाडीतून आणून त्यांनी विचारलं होतं.

मी तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमच्या घरात शिकलो मी, आणि दर्यावर गेला माझा मोठा भाऊ. त्याला मी दादा म्हणत असे. वडील गेल्यावर होडी त्याच्याकडे आली आणि फीचे पैसेही त्याच्याकडूनच येऊ लागले, म्हणून मी शिकलो, असं म्हणणं जास्त खरं आहे. त्या सभेत दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. प्राध्यापकांचं मराठी वाडीला समजत होतं, पण वाडीचं उत्तर मालवणीत यायचं आणि प्राध्यापकांना ते अर्धंच कळायचं.

लोक बिस्किटं चहात बुडवत एकमेकांकडे बघू लागले. मग दादा खांबाला टेकूनच म्हणाला, "माका काय व्हया? माका ह्या माझ्या भावासारखी पंख्याखालची नोकरी व्हयी."

सगळा मंडप हसला. प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं.

"बर्फाची सोय हवी म्हणतोय," मी म्हणालो.

"मेल्या, खोटा सांगतंस!" दादा ओरडला, आणि लोक पुन्हा हसले.

त्यानंतर जिभा सैल झाल्या. बर्फ, डिझेल, बाहेरून येऊन आमच्या हद्दीत जाळी ओढणारे ट्रॉलर. प्राध्यापक प्रत्येक वेळी मान हलवून सांगत की हे आमच्या विषयात बसत नाही. मग कोणीतरी म्हणालं, वारो कधी येतलो ता आदी सांगा. हे त्यांच्या विषयात बसलं. ते टिपून घेत असतानाच बायकांच्या बाजूने आमच्या शेजारची काकी उठून उभी राहिली. तिचा नवरा आम्ही लहान असताना दर्यात गेला तो परत आला नाही, आणि त्याचं शवही कधी मिळालं नाही. काकी सभेत कधी बोलत नसे.

"बुडलेलो माणूस खंय लागता," ती म्हणाली, "ता तुमका सांगूक येतला?"

मला भाषांतर करावं लागलं नाही. प्राध्यापकांनी वही मिटली. मग त्यांनी चष्मा काढला आणि फार आदराने सांगितलं की येईल. पाणी कुठे वाहतं आणि वारा कुठे ढकलतो हे सतत मोजत राहिलं, तर त्या पाण्यात पडलेली वस्तू कुठे जाईल याचा हिशेब मांडता येतो. हे शक्य आहे.

काही महिन्यांनी त्यांनी मला प्रकल्पाच्या प्रस्तावाची प्रत पाठवली. इंग्रजीत होती. पहिल्याच पानावर काकीचा प्रश्न होता. 'स्थानिक समाजाने स्वतः व्यक्त केलेली गरज' असं त्याला म्हटलं होतं. मी तो परिच्छेद काकीला तिच्या ओसरीवर बसून मालवणीत सांगितला. मला त्या दिवशी अभिमान वाटला होता. पुस्तकांत आयुष्य घालवणाऱ्या माणसाला कागदावर नीट मांडलेल्या गोष्टीचा लवकर विश्वास वाटतो.

मग बोया आला, म्हणजे मोजणीची यंत्रं बसवलेला तरंगता पिंप. पिवळाधमक, माणसापेक्षा उंच, डोक्यावर सौरऊर्जेची पाटी आणि दिवा. किनाऱ्यापासून आत, जिथून डोंगराची फक्त रेघ दिसते, तिथे तळाशी भलामोठा दगडी ठोकळा सोडून साखळीने तो बांधला. बंदरावर काचेच्या पेटीत एक पडदा लावला. लाटा किती उंच, वारा कुठून, किती जोराचा, ते त्यावर लाल आकड्यांत येत असे. पहिल्या हंगामात माणसं होडी लोटण्याआधी त्या पेटीसमोर उभी राहत. मासळी घ्यायला आलेल्या बायकासुद्धा आकडे वाचून दाखवत. वाडीने त्याचं नाव टीव्ही ठेवलं होतं.

पावसाळ्यानंतर टीव्ही बंद पडला. आधी अर्धे आकडे गेले, मग सगळेच. मी विद्यापीठात फोन केला. तिकडून सांगितलं की पडद्याची तरतूद 'लोकसंपर्क' या शीर्षकाखाली होती, ती मुदत संपली. पण काळजी करू नका, बोया उत्तम चालू आहे, नोंदी आमच्याकडे व्यवस्थित येत आहेत. मी हे बंदरावर येऊन सांगितलं तेव्हा दादा म्हणाला, "म्हणजे बोयो आमच्यात रवता आणि बोलता तेंच्याशी. घरजावयासारखो."

वाडीला बोयाचा उपयोग झाला, तो दुसऱ्याच कारणाने. दर्यात जे काही तरंगतं त्याच्या सावलीला मासा येतो. वाहून आलेला ओंडका दिसला तर तो ज्याने पहिला पाहिला त्याचा, असा आमच्याकडे रिवाज आहे. त्याने ओंडक्याभोवती गरी टाकून घ्यावी, आणि तो हलेपर्यंत इतरांनी लांब थांबावं. बोया मात्र वाहत नव्हता. तो रोज तिथेच असे आणि सगळ्यांनाच ठाऊक होता, त्यामुळे पहिला पाहणारा कोण, हे ठरणार कसं? दोनदा भांडणं झाल्यावर वाडीने आपापसांत नियम केला. सकाळी ज्याची दोरी बोयाला पहिली बांधली जाईल, त्या दिवशी बोया त्याचा. दोरी सोडली की हक्क गेला. मग लांब थांबलेल्याने यावं आणि आपली बांधावी.

दादा पहाटे लवकर निघून बहुतेक वेळा पहिला पोचायचा. मोडुसा नावाचा मोठा, काळपट पाठीचा मासा तिथे मिळे. हॉटेलवाले त्याच्यासाठी बंदरावर येऊन बसत. "विद्यापीठान माका दर्यात झाड लावन दिल्यान," असं तो सगळ्यांना सांगे. प्रकल्पाची माणसं एकदा पाहणीला आली तेव्हा त्यांनी मोडुसा हातात धरलेला त्याचा फोटोही काढला.

त्यांना बोयाला होड्या बांधतात हे कळलं तेव्हा बंदरावर एक फलक लागला. बोयाला होडी बांधू नये, नोंदी बिघडतात. दादाने मला विचारलं, नोंदी बिघडतात म्हणजे काय? मी सांगितलं, होडीच्या ओढीने बोया दबतो, मग लाट आहे त्यापेक्षा लहान मोजली जाते.

"म्हणजे मी बांदलंय की प्राध्यापकाक लाट ल्हान दिसता?" तो म्हणाला. "बरा मगे. तो गरीब भियाचो नाय."

त्या फलकावर 'नोंदी बिघडतात' याच्या खाली आणखी एक ओळ हवी होती. साखळीने तळाशी जखडलेल्या बोयाला आखूड बांधलेली होडी लाटेबरोबर वर उठू शकत नाही, हे ज्यांनी लाटेचा अभ्यास केला त्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. पण ते उपकरणाचं रक्षण करत होते, आणि होडी त्या उपकरणाचा भाग नव्हती.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. समुद्रात लांब कुठेतरी कमी दाबाचा पट्टा होता, आणि मच्छीमारांनी जाऊ नये असे संदेश रोज मोबाईलवर येत होते. रोज येत होते आणि रोज समुद्र तेलासारखा सपाट होता. सगळ्या किनाऱ्याला एकच इशारा येत असे. आमच्यासमोरच्या पाण्याचं काय, ते सांगणारा पडदा काचेत काळा पडून होता. दादा आणि वहिनीचा भाऊ पहाटे निघाले. पुढचं मला वहिनीच्या भावाने सांगितलं, आणि तो ते अजून सांगतो, कोणी न विचारताही.

दोन मोडुसे मिळाले होते. तिसरा गरीला होता. वाऱ्याने दक्षिण धरली आणि पाणी एकदम काळं दिसायला लागलं. शेजारच्या वाडीची एक होडी लांब थांबून होती, यांनी दोरी सोडायची वाट बघत. वहिनीचा भाऊ म्हणाला, "भावजी, सोडया आता." दादा म्हणाला, "सोडलंय की तो बांदतलो. इतको मासो वर घेऊया, मगे सोडया." मासा वर आला. तोवर लाटा वाढल्या होत्या. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उठेना. बोयाची साखळी तिला खाली धरून होती आणि पाणी वरून आत येत होतं. ओल्या दोरीची गाठ सुटेना म्हणून वहिनीचा भाऊ कोयती घेऊन कापायला पुढे सरकला. दोरी अर्धी तुटली असेल तेवढ्यात होडी उलटली. जी होडी जागेसाठी थांबली होती तिनेच त्याला बाहेर काढलं. दादा त्यांना दिसला नाही.

किनाऱ्यावरच्या सगळ्या होड्या शोधायला गेल्या. तटरक्षक दलाची बोट आली. तीन दिवस झाले, मग आणखी झाले. पोलीस येऊन जबाब घेऊन गेले. आमच्याकडे शव मिळाल्याशिवाय बाईचं मंगळसूत्र उतरवत नाहीत. वहिनी कुंकू लावून भिंतीला टेकून बसली होती आणि येणाऱ्या बायका तिच्या कपाळाकडे न बघता बोलत होत्या. वाडीतल्या जाणत्यांनी ठरवलं, अमावास्येच्या उधाणापर्यंत थांबायचं. मोठ्या भरतीला दर्या घेतलेलं परत देतो, असं मानतात. त्या उधाणालाही दिला नाही, तर गवताचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा.

वहिनीला पुतळ्याचं ऐकून पहिल्यांदा कंठ फुटला. "गवताक मी घोव म्हणाचंय नाय," ती म्हणाली. "तेंचा तोंड बगूक व्हया माका."

काकी तिच्या शेजारीच बसून होती. ती माझ्याकडे वळली. "माका सांगूक कोण नाय होतो. हिका आसत. तेंनी शक्य आसा म्हणान सांगल्यानी मा? मगे इचार तेंका."

मी फोन केला. प्राध्यापकांना मनापासून वाईट वाटलं, हे मी नाकारत नाही. "तुमचे भाऊ म्हणजे... ते फोटोतले?" असं त्यांनी विचारलं.

"सर, तुम्ही म्हणाला होता की हिशेब मांडता येतो."

"तत्त्वतः येतो," ते म्हणाले.

त्या एका शब्दानंतर मला पुढचं सगळं ऐकायची गरज नव्हती, पण मी ऐकलं. गणिताची अजून पडताळणी झालेली नव्हती. आम्ही एक किनारा सांगायचा आणि तुम्ही तिथेच शोधत बसायचं, उद्या ते चुकलं तर जबाबदारी कोणाची? शिवाय असं काही परस्पर सांगण्याचा अधिकार विभागाला नाही. जिल्हा प्रशासनाने लेखी मागणी करावी, ती कुलसचिवांमार्फत यावी, ज्यांच्या निधीतून बोया उभा राहिला त्यांचीही संमती लागेल. "तुम्ही मला एक मेल करून ठेवा," ते म्हणाले. "मी स्वतः लक्ष घालतो."

मी मेल केला. क्षणात उत्तर आलं. दिवाळीच्या सुटीनिमित्त विभाग बंद असल्याचं, आणि सर्वांना शुभेच्छा.

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी धरून मी विद्यापीठाच्या शहरात गेलो. विभागाचा लांबलचक बोळ रिकामा होता. भिंतीवर प्रकल्पाचं मोठं छापील चित्र लावलेलं होतं. वर शीर्षक, किनारी समाजाच्या गरजांसाठी विज्ञान. खाली आलेख, बाण, बोयाचा आडवा छेद. आणि उजव्या कोपऱ्यात दादा, दोन्ही हातांनी मोडुसा धरून, तोंडभर हसत. त्याच्या खाली लिहिलं होतं, 'लाभार्थी'.

मी तिथे किती वेळ उभा होतो मला माहीत नाही. एका खोलीचं दार उघडलं आणि प्रकल्पावर संशोधन करणारी मुलगी बाहेर आली. प्रबंध पुरा करायचा म्हणून ती सुटीतही थांबली होती. तिने मला ओळखलं. पाहणीला आली असताना ती आमच्याकडे जेवली होती, आईने तिला तिरफळं घातलेली बांगड्याची कढी वाढली होती आणि तिने दोनदा मागून घेतली होती. तिने काहीही विचारलं नाही. मला खुर्ची दिली, बाहेरून चहा मागवला आणि संगणकासमोर बसली.

"त्या सकाळच्या काही तासांच्या नोंदी मला सोडून द्याव्या लागतील," थोड्या वेळाने ती म्हणाली. "त्या खराब आहेत."

"खराब कशा?"

तिने पडद्यावरून मान वळवली नाही. "बोयाला काहीतरी बांधलेलं होतं."

ते तास म्हणजे माझा भाऊ. तो तिथे बसून बिडी ओढत होता, मेहुण्याची थट्टा करत होता, गरी सोडत होता. त्याच्या वजनाने बोया झुकला होता आणि ते झुकणं दूर या खोलीत येऊन पडलं होतं. तिने एक कळ दाबली आणि ते तास गेले.

मग पडद्यावर ठिपके सुटले. बोयाच्या जागेवरून शेकडो बारीक ठिपके निघाले, थोडे पसरले आणि हळूहळू उत्तरेला सरकू लागले. काही आत समुद्रात भरकटले. बाकीचे किनाऱ्याकडे वळले आणि कुणकेश्वरच्या पलीकडे, देवगडच्या अलीकडे, एकामागून एक थांबले. कोपऱ्यात दिवसांचा आकडा पळत होता. बहुतेक ठिपके चौथ्या दिवशीच किनाऱ्याला लागलेले होते.

माझा चहा अजून गरम होता. हिशेबाला तेवढाच वेळ लागला होता.

"सरांचं नाव घेऊन सांगू नका," ती म्हणाली. "माझंही नको." मग तिला रडू आलं, आणि तिची समजूत मला घालावी लागली.

मी बोळातूनच वहिनीच्या भावाला फोन केला. आमच्या होड्या तोवर दक्षिणेला, वेंगुर्ल्याच्या बाजूला शोधत होत्या. कोणीतरी तिकडे काहीतरी तरंगताना पाहिल्याचं सांगितलं होतं. त्या तशाच वळवून उत्तरेला नेल्या. वहिनीचा भाऊ दोघांना घेऊन रस्त्याने गेला आणि ओहोटीला खडकांवरून चालत निघाला. मी गाड्या बदलत दुसऱ्या दिवशी सकाळी कुणकेश्वरला उतरलो तेव्हा तो मला स्टँडवर घ्यायला आला होता. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

दोन खडकांच्या मधल्या खाचेत तो अडकला होता. ओळख करगोट्यावरून पटवावी लागली. जवळच्या वस्तीतली कालवं काढणारी एक बाई तिथे आली होती. ती पुन्हा पुन्हा सांगत होती, "वास येय होतो ओ चार दिस. मी म्हटलंय कासव मेलेला आसतला." तिला वाटत होतं आम्ही तिला दोष देऊ. मी तिला म्हणालो, तुमचं काही चुकलं नाही. तो तिथे दिवसचे दिवस पडून होता आणि तो तिथे आहे हे कळायला एक कप चहाइतका वेळ लागत होता. तिला हे कसं समजावून सांगणार?

अग्नी तिकडेच द्यावा लागला. वहिनीला आणलं होतं, पण जवळ जाऊ दिलं नाही. कापडाने बांधलेलं लांबूनच दाखवलं.

"तोंड?" तिने मला विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली. तिने पुन्हा विचारलं नाही.

लोक मला विचारतात, विद्यापीठाचं गणित खोटं होतं का? खोटं असतं तर बरं झालं असतं. चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो, आणि निधी खायला काढलेलं ढोंग म्हणून विसरून गेलो असतो. ते खरं होतं. काकीला दिलेलं उत्तर खरं होतं, प्रस्तावाचं पहिलं पान खरं होतं, बोया खरा होता, ठिपके खरे होते. सगळं ज्ञान तयार होऊन एका खोलीत बसलेलं होतं, आणि त्या खोलीतून बाहेर येण्याची वाट कोणाच्याच प्रकल्पात नव्हती.

तेराव्यानंतर प्राध्यापकांचा फोन आला. त्या मुलीने त्यांना सांगितलं असावं. आधी सांत्वन झालं. मग ते जरा घुटमळले.

"एक विचारायचं होतं. तुम्हांला त्रास होणार असेल तर राहू द्या. नेमकं कुठे मिळाले ते, आणि साधारण केव्हा, हे कळलं असतं तर... गणिताची पडताळणी करायला असा प्रसंग... म्हणजे, असा पुरावा सहसा मिळत नाही."

मी म्हणालो, घरी विचारून सांगतो.

आई चुलीपाशी होती. ऐकल्याबरोबर कडाडली, "शिरा पडो तेंच्या तोंडार! झील माझो गेलो आणि तेंका अजून इचारूचा रवलेलाच आसा? एक अक्षर सांगू नको."

वहिनी तांदूळ निवडत होती. पांढरं कपाळ खाली घालूनच ती म्हणाली, "सांगा तेंका, भावजी."

"गो, तुका काय याड लागला?" आई म्हणाली.

"पुढच्या बायलेक तोंड तरी बगूक मेळात," वहिनी म्हणाली, आणि सूप उचलून आत गेली.

मी सांगितलं. खडकाची जागा सांगितली, भरती-ओहोटीची वेळ सांगितली, सापडला तेव्हा कसा होता तेही त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं. एक अट मात्र घातली. हे गणित चालवायला आमच्या भागात कोणाला तरी शिकवा. आमच्या कॉलेजातला संगणक मी देतो, माणूस मी देतो, मी स्वतः शिकतो. प्राध्यापक म्हणाले, नक्कीच. दुसऱ्या टप्प्यात नेमका तसाच प्रस्ताव आहे.

दुसरा टप्पा आला नाही. मुलीला पदवी मिळाली आणि ती परदेशी गेली. जाण्याआधी तिने मला लांबलचक संदेश पाठवला होता. तो चांगला होता, आणि मी त्याला चांगलंच उत्तर दिलं. प्रकल्पाची मुदत संपली तेव्हा एक लाँच येऊन बोया काढून घेऊन गेली. वाडी हळहळली, ती मोडुशांसाठी. पेटीतला काळा पडदा अजून बंदरावर आहे, पेटीवर कोणीतरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचं पोस्टर चिकटवलं आहे.

या वर्षी, मासेमारी सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, एक माणूस मला शोधत कॉलेजच्या ग्रंथालयात आला. पलीकडच्या बंदरावरच्या मुसलमान वस्तीतला, मासळीचा जुना व्यापारी. दादाचे मोडुसे तोच उचलायचा. त्याचा धाकटा भाऊ होडीवरून पडला होता आणि दोन दिवस सापडत नव्हता. तो पडला ती जागा होडीवरच्यांना पक्की ठाऊक होती.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमच्या भावाक तुमी कागदावरसून काढलास असा म्हणतत. आमच्याक पण बगा. माती दिवक तरी मेळांदे."

मी प्राध्यापकांना फोन लावला. ते आता निवृत्त झाले आहेत. आवाज थकलेला वाटला. बोया नाही, म्हणजे त्या पाण्याच्या नोंदी नाहीत, ते म्हणाले. पण पद्धत आता प्रसिद्ध झालेली आहे, ती सर्वांना खुली आहे, कोणीही वापरू शकतं. त्यांनी मला शोधनिबंधाचा दुवा पाठवला.

आम्ही दोघं टेबलाशी बसलो आणि मी तो उघडला. इंग्रजी होतं, समीकरणं होती. सातव्या-आठव्या पानावर नकाशा होता. आमचा किनारा, ठिपक्यांचा ढग, आणि कुणकेश्वरच्या वर एक काळा त्रिकोण.

"ह्यो काय?" त्याने त्रिकोणावर बोट ठेवलं.

"माझो भाव."

त्याने बोट पटकन उचललं, एखाद्याच्या अंगावर पाय पडावा तसं. मग थोड्या वेळाने विचारलं, "आणि आमचो?"

मी शेवटच्या पानापर्यंत वाचत गेलो. त्यात कुठलीही चूक मला दिसली नाही. ती पद्धत वापरायची तर त्या दिवसाचं पाणी मोजलेलं लागत होतं, ते गणित चालवणारा माणूस लागत होता. आमच्यापाशी मी होतो. मला ते वाचता येत होतं.

"मास्तर, वेळ जाता," तो म्हणाला. "ह्यात नाय तर नाय. होडी तयार आसा. तुमी येतास? दोन डोळे जास्ती झाले तर बरे."

मी ग्रंथालयाला कुलूप लावलं. बंदरातून बाहेर पडल्यावर होडी सावरून धरत त्याच्या पुतण्याने मशीन बारीक केलं, आणि तो, पुतण्या आणि बरोबरचा खलाशी असे तिघेही माझ्याकडे बघू लागले. उत्तरेक की दक्षिणेक, मास्तर?

मी दक्षिणेकडे हात केला. कशावरून, ते त्यांनी विचारलं नाही. होडी वळली. त्या दिवशी आम्ही अंधार पडेपर्यंत शोधलं, आणि दुसऱ्या दिवशी उत्तरेला गेलो. तो अजून मिळालेला नाही.